वीस मिनिटांचं काम

श्रावण लागला आणि आमच्या पिकअपला कंठ फुटला.

सकाळी किल्ली फिरवली की बॉनेटखालून ‘कुईंऽऽ’ असा आवाज यायचा. पहिल्या दिवशी आठ-दहा सेकंद, आठवड्याने अर्धं मिनिट. पंधरवड्यात अशी पाळी आली, की मी ऑफिसला निघालो हे सगळ्या गल्लीला घड्याळ न बघता कळू लागलं. गल्ली म्हणजे डॅलसच्या उत्तरेची, एकाच साच्यातून काढलेल्या विटांच्या घरांची रांग. तिथे माणसाचा आवाज ऐकू येणं हीच बातमी असते. पलीकडच्या घरातला कुत्रा सुरात सूर मिसळायचा. बायकोचं निदान पडलं, ‘आत उंदीर आहे.’ मुलगी काही बोलली नाही. फक्त शाळेच्या एक चौक अलीकडे उतरायला लागली.

चौघांच्या मराठी घराला पिकअप कशाला, असं विचारणाऱ्याने टेक्सास पाहिलेलं नाही. इथे ऑफिसात बसून हिशेब तपासणारा माणूससुद्धा मागे सहा म्हशी उभ्या राहतील एवढा हौदा घेऊन हिंडतो आणि त्या हौद्यात त्याचा जेवणाचा डबा असतो. फोर्डची एफ-मालिका 1977 पासून या देशातली सर्वांत जास्त खपणारी पिकअप आहे. माझी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. मीटरवर एक लाख बारा हजार मैल झाले होते, म्हणजे आपले एक लाख ऐंशी हजार किलोमीटर. एवढं चालल्यावर आपणसुद्धा सकाळी उठताना आवाज करतोच.

पिकअप अमेरिकेत एवढ्या रुजल्या त्यात कोंबडीचा वाटा आहे, हे मला फार उशिरा कळलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली. अमेरिकेला राग आला. तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि बाहेरून येणारे हलके ट्रक, एवढ्यांवर 25 टक्के कर बसवला. तो 1964 मध्ये लागू झाला. पुढे बाकीच्यांची सुटका झाली, ट्रकवरचा कर राहिला आणि देशी पिकअपला मैदान मोकळं मिळालं. वड्याचं तेल वांग्यावर काढायची पद्धत आपल्याकडचीच, अशी माझी समजूत होती.

आणि इथल्या मराठी मंडळात एकाकडे तरी पिकअप लागतेच. गणपतीचं मखर, ढोल, ताशे, स्वयंपाकाची पातेली, कुणाचा तरी सोफा. पिकअपवाल्याला मंडळात पद नसतं, फक्त काम असतं. आमच्याकडे गणपती चतुर्थीला बसत नाही, चतुर्थीच्या जवळच्या शनिवारी बसतो. तर त्या शनिवारी चोवीस ढोल न्यायचे होते आणि आधीच्या मंगळवारी माझी गाडी ढोलाच्या आधीच वाजत होती.

जवळच्या गॅरेजात गेलो. तिथल्या तरुणाने बॉनेट उघडून आत बॅटरी मारली आणि तीन शब्दांत निकाल दिला: “बेल्ट. दोनशे चाळीस.” डॉलर. त्यावर, पुढच्या सोमवारआधी जमणार नाही. मी मनातल्या मनात रुपयांचा गुणाकार केला. इतकी वर्षं इथे राहून ही खोड गेलेली नाही. तेवढ्या पैशात माझ्या मामाच्या गावात आख्खी मोटरसायकल खोलून परत जोडून मिळते.

घरी येऊन व्हिडिओ पाहिला. टोपी घातलेला एक गृहस्थ हसत हसत म्हणाला, “वीस मिनिटांचं काम आहे.” त्याची नखं स्वच्छ होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पण माझ्या अंगात इंजिनिअर संचारला. मी मेकॅनिकलचा आहे. पट्टा आणि पुली यांचं सूत्र मी परीक्षेत आठ मार्कांना सिद्ध करून दाखवलेलं आहे. घट्ट बाजूचा ताण भागिले सैल बाजूचा ताण बरोबर ई, त्याचा घात म्यू गुणिले थीटा. म्यू म्हणजे घर्षणांक, थीटा म्हणजे पट्ट्याने पुलीला किती वेढा घातला तो कोन. घर्षणांक 0.3 धरला तर अर्ध्या वेढ्याला हे गुणोत्तर अडीचच्या पुढे जातं आणि पूर्ण वेढ्याला साडेसहाच्या. म्हशीचं दावं खुंट्याला नुसतं टेकवलं तर म्हैस जाते आणि दोन वेढे दिले तर पोरगंसुद्धा तिला धरून ठेवतं, ते यामुळेच. हा पट्टा इंजिनात सरळ न जाता वर-खाली, आत-बाहेर वळत जातो तोही त्यामुळेच. जितकी वळणं, तितका वेढा. म्हणून त्याचं नाव सर्पंटाइन, नागमोडी. एवढं सगळं मला ठाऊक होतं. पाना कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो, एवढंच दर वेळी हवेत हात फिरवून बघावं लागायचं.

पूर्वी गाडीत दोन-तीन सुटे पट्टे असत. एक तुटला तर दुसऱ्यावर माणूस घरी पोचायचा. फोर्डने 1979 च्या मस्टँगमध्ये एकच लांब पट्टा घातला आणि हळूहळू सगळ्यांनीच तो उचलला. आता अल्टरनेटर, पाण्याचा पंप, स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर हे सगळे एका पट्ट्यावर जेवतात. तो तुटला की चार्जिंग बंद, स्टिअरिंग दगडासारखं जड, आणि पाणी फिरायचं थांबल्यामुळे इंजिन तापून लाल. हे सगळं एका दमात. या कुटुंबाला धरून ठेवतो तो टेन्शनर, स्प्रिंगवर बसवलेली एक पुली. इतरांचं टेन्शन आपल्या अंगावर घ्यायचं, एवढंच तिचं काम. आमच्या मंडळाचे सेक्रेटरी हेच करतात, फक्त त्यांना ग्रीस लागत नाही.

व्हिडिओवाल्याने एक परीक्षा सांगितली होती. इंजिन चालू ठेवून पट्ट्यावर लांबून थोडं पाणी उडवायचं. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. एकदम वाढला तर पट्टा घसरतोय, ताण कमी पडतोय. मी कुंड्यांवर मारायचा फवारा आणून पाणी उडवलं. आवाज होता तस्सा राहिला. या तिसऱ्या प्रकारचं तो पुढे काहीतरी सांगत होता, पण तेवढ्यात जाहिरात लागली आणि मी फोन बंद केला. हे वाक्य लक्षात ठेवा.

पट्टा आणायला दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने गाडीची जन्मपत्रिका मागितली: साल कुठलं, इंजिन किती लिटरचं, सिलिंडर किती, एसी आहे का. मग आतून एक पाकीट आणलं. त्यावर ‘6 पीके’ आणि पुढे चार आकडे. सहा म्हणजे पट्ट्यावरच्या उभ्या रेघा, आकडे म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. माझा सव्वादोन मीटरच्या थोडा वर होता, एका झब्ब्याला लागतं तेवढा. किंमत बेचाळीस डॉलर. टेन्शनर फिरवायचा लांब दांडाही त्याने दिला. पैसे ठेवा, हत्यार परत आणा, पैसे परत न्या. लग्नघरी भांडी देणाऱ्यासारखा व्यवहार. फरक एवढाच, की भांड्यांवर नावं असतात.

शुक्रवारी संध्याकाळी सातला काम काढलं. आमच्या वसाहतीच्या नियमावलीत ‘दर्शनी भागात वाहनदुरुस्ती करू नये’ असं कलम आहे, म्हणून गॅरेजचं दार अर्धं ओढून घेतलं. आत भट्टी. सांगली जिल्ह्यात कुठेही रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडा, पाच मिनिटांत बारा माणसं जमतात आणि त्यातल्या नऊ जणांना सगळं येत असतं. इथे एकच जण आला. शेजारचे सत्तरी ओलांडलेले आजोबा अर्ध्या दाराखालून वाकून आत आले. एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात स्वतःची हत्यारांची पेटी. खुर्ची उघडून बसले आणि म्हणाले, “मी बोलणार नाही.” त्यानंतर साडेनऊपर्यंत ते बोलत होते.

मला मात्र मामाला विचारायचं होतं. मामा बत्तीस शिराळ्याकडचे. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेला तो भाग. नागमोडी म्हटलं की तिकडचा माणूस घाबरत नाही, फक्त कुठल्या जातीचा ते विचारतो. मामांनी चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. आधी ऑइल इंजिनावर, मग मोटरवर. शाळा चौथीपर्यंत. लहानपणी सुट्टीत मी गिरणीत बसायचो. सगळीकडे पिठाचं धुकं, ज्वारीचा गरम वास, आणि मधोमध तो रुंद सपाट पट्टा, फट्‌ फट्‌ करत धावणारा. जोडावरच्या क्लिपा पुलीवरून गेल्या की तो आवाज यायचा. मामांच्या भुवया पांढऱ्या असायच्या आणि डाव्या हाताची करंगळी अर्धीच. उरलेली अर्धी पट्ट्याने घेतली होती. बायका पदर खोचल्याशिवाय उंबऱ्याच्या आत आल्या तर मामा दळण घेत नसत.

आमचे सात म्हणजे त्यांचे पहाटेचे साडेपाच. धार काढायची वेळ. व्हिडिओ कॉल लावला आणि फोन एअर क्लीनरवर उभा केला.

“मला नुस्तं छत दिसतंय,” मामा म्हणाले.

फोन सरळ केला.

“किल्ली कुठंय?”

“गाडीला आहे, मामा.”

“काढ आन् खिशात घाल. किल्ली खिशात आल्याबगर पट्ट्याला हात लावायचा न्हाई.” हे म्हणताना त्यांनी डावा हात कॅमेऱ्यापुढे धरला. अधिक स्पष्टीकरणाची गरज नव्हती. मी किल्ली खिशात घातली, बॅटरीची ऋण वायरही सोडली. आजोबांना भाषा कळली नाही, करंगळी कळली. त्यांनी मान डोलावली.

“मामा, कुईं कुईं करतोय.”

“राळ लाव थोडी.”

गिरणीच्या पट्ट्याला राळ लावतात, घसरू नये म्हणून. मी सांगितलं, या पट्ट्याला काही लावायचं नसतं, धूळ चिकटते आणि दोष झाकला जातो. मामा गप्प झाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना मी काहीतरी शिकवलं होतं. मला उगाच अपराधी वाटलं.

पट्टा कुठून कसा जातो त्याची आकृती बॉनेटखाली चिकटवलेली असते. माझ्या गाडीत ती जागा होती, वर गोंद होता, आकृती नव्हती. उतरवण्याआधी फोटो काढून ठेवा, असं सगळे सांगतात. मी काढले. तीन फोटो. एकात माझा अंगठा, दुसऱ्यात अंधार, तिसऱ्यात आजोबांची चप्पल. शेवटी गणपतीच्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने वाट काढली. पुढे श्रींची तसबीर, मागे अल्टरनेटर.

टेन्शनरवर एक चौकोनी खाच असते. “तीन सुताची,” मामांनी नुसतं बघून सांगितलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन अष्टमांश इंच. माझ्या दांड्याचं टोक चार सुताचं. आजोबांनी न बोलता पेटीतून योग्य गोटी काढून दिली. दांडा बसवला, ओढला. टेन्शनर हलला आणि हाताला स्प्रिंगची ओढ लागली, बांधावरून म्हशीला मागे खेचताना लागते तशी. दुसऱ्या हाताने वरच्या गुळगुळीत पुलीवरून पट्टा काढला. निघाला. एवढं सोपं? व्हिडिओवाल्याबद्दल मनात आलेलं सगळं मी परत घेतलं.

जुना पट्टा हातात घेऊन पाहिला. वरून अगदी तरणा. पूर्वीचे निओप्रीनचे पट्टे वय झालं की भेगाळायचे. इंचात भेगा किती ते मोजून बदलायचे. हल्लीचे ईपीडीएम रबराचे सहसा भेगाळत नाहीत, टायरसारखे झिजतात. नवा शेजारी धरला तेव्हा कळलं: नव्याच्या रेघांमधल्या खाचा निमुळत्या, जुन्याच्या झिजून रुंद आणि गोलट झालेल्या. नखाने खरवडलं तर नख काचेवरून सरकावं तसं सरकलं. वरून ठणठणीत, आतून गेलेला. आमच्या कार्यकारिणीत असे चार जण आहेत.

आता नवा चढवायचा. नियम साधा: रेघांच्या पुलीला रेघांची बाजू, गुळगुळीत पुलीला पाठ. मी पत्रिका बघत वेढे घातले आणि शेवटी पट्टा दीड वीत उरला. दुकानदाराने चुकीचा दिला, असं मी जाहीर करणार, तोच आजोबा म्हणाले, “खालची पुली उपाशी आहे.” खालची पुली घेतली. आता पट्टा दोन बोटं कमी. मामा म्हणाले, “वाट चुकली तर पंप उलटा फिरंल. आमच्यात पट्ट्याला पीळ पडला की दगड उलटा फिरायचा, पीठ पडायचं न्हाई.” पुन्हा पत्रिका पाहिली. मी ती उलटी धरली होती.

आठ वाजून दहा मिनिटांनी पट्टा बसला. प्रत्येक रेघ आपापल्या खाचेत आहे की नाही ते बोट फिरवून पाहिलं. बॅटरी जोडली. किल्ली खिशातून काढली. आजोबा खुर्चीसकट मागे सरकले. मी गाडी चालू केली.

कुईंऽऽ.

पलीकडच्या कुत्र्याने उत्तर दिलं. बायको दारात येऊन म्हणाली, “मी म्हटलं नव्हतं? उंदीर.”

मी इंजिन बंद केलं. गॅरेजात शांतता. फोनमधून म्हशीचं रेकणं आलं, मग मामांचा आवाज.

“परत लाव. आन् फोन जवळ धर. लई जवळ नको.”

लावलं. मामांनी डोळे मिटले. चौदा हजार किलोमीटरवर, गोठ्यात, बादली मांडीत धरून एक म्हातारा माझ्या व्ही-आठ इंजिनाला कान लावून बसला होता.

“बंद कर. पट्टा न्हाई वरडत. घसरणाऱ्या पट्ट्याचा आवाज वला आसतोय, ह्यो कोरडा हाय. बेरिंग हाय कुटलं तरी. पट्टा काढ आन् एकेक पुली हातानं फिरीव.”

व्हिडिओतली जाहिरातीनंतरची तिसरी गोष्ट हीच होती. पाण्याने आवाज बदलला नाही तर पट्टा सोडा, बेरिंग बघा. रात्री मी तो पूर्ण पाहिला.

पट्टा पुन्हा उतरवला. या वेळी चार मिनिटांत. टेन्शनरची पुली फिरवली, गप्प. पंपाची, गप्प. मधली गुळगुळीत आयडलर पुली फिरवली आणि बोटांना खर्र लागलं, खडे असलेली ज्वारी जात्यात पडावी तसं. वंगण कधीच उडून गेलं होतं. आजोबांनी ती फिरवून पाहिली, कानाशी नेली आणि फोनमधल्या मामांना अंगठा दाखवला. मामांनीही दाखवला. दोघांना एकमेकांच्या भाषेचं एक अक्षर येत नव्हतं आणि माझ्याशिवाय त्यांचं उत्तम चाललं होतं.

दुकान नऊला बंद होतं. पिकअप बिनपट्ट्याची. बायकोने तिच्या गाडीतून नेलं, वाटेत एक शब्द बोलली नाही, ही तिची मोठी मेहेरबानी. पुली एकोणीस डॉलर.

नव्या पुलीचा बोल्ट आवळताना मी विचारलं, “किती आवळू, मामा?”

“बसंल येवढा.”

“म्हणजे किती न्यूटन-मीटर?”

“हाताला कळतंय की.”

“कुणाच्या हाताला?”

शेवटी आजोबांनी टॉर्कचा पाना दिला आणि पुस्तकातला आकडा शोधून दिला. तसा आवळला. मग पट्टा तिसऱ्यांदा चढवला. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि बाकी काहीच ऐकू आलं नाही. कुत्रा थोडा वेळ वाट पाहून आत गेला.

“आन् आता एवढ्या गाडीतनं न्हेनार काय?” मामांनी विचारलं.

“ढोल, मामा. चोवीस.”

“फकस्त ढोल?” म्हणाले आणि फोन ठेवला. धार राहिली होती.

शनिवारी ढोल वेळेवर पोचले. खर्च एकसष्ट डॉलर, वेळ अडीच तास, दुकानाच्या दोन फेऱ्या आणि एक निमंत्रणपत्रिका. हे मी आरतीनंतर एकाला सांगितलं, ही माझी चूक. रविवारपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर ‘ते गाडीचं काम घरी करतात’ अशी खबर फिरली. सोमवारी एकाने एसी गार होत नसल्याचं कळवलं, दुसऱ्याने ब्रेकचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. तो मी मामांना ऐकवला. ते म्हणाले, “ही गिरण न्हाई, मला इचारू नको.”

तेव्हा डॅलसकडच्या मराठी मंडळींना हात जोडून विनंती: मला पट्टा येतो. ब्रेक येत नाहीत. आणि पट्ट्याचं काही असेल तर आमच्या संध्याकाळी सातनंतर कळवा, मामा धार काढायला उठलेले असले पाहिजेत.